चंद्राचे तीन महिने आणि ग्रहणांचं वेळापत्रक

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही, याचं शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांचा कोन करते, म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. उत्तर बरोबर आहे. पण बहुतेकजण तिथेच थांबतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरी गंमत तिथून पुढे सुरू होते. ग्रहण का होत नाही हे ५ अंशांनी कळलं; मग ते नेमकं कधी होतं, आणि एकदा झालेलं ग्रहण अठरा वर्षांनी जवळपास तसंच पुन्हा का होतं? त्यासाठी हा धागा.

आधी ५ अंश म्हणजे किती ते पाहू. चंद्रबिंब आकाशात अर्ध्या अंशाचं दिसतं. म्हणजे सूर्य वर्षभर ज्या मार्गाने फिरताना दिसतो त्या क्रांतिवृत्तापासून चंद्र तब्बल दहा चंद्रबिंबं वर किंवा खाली जाऊ शकतो. चंद्राची वाट क्रांतिवृत्ताला समोरासमोरच्या दोन ठिकाणी छेदते. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे छेदतो तो आरोही पात, म्हणजे राहू. उत्तरेकडून दक्षिणेला उतरताना जिथे छेदतो तो अवरोही पात, म्हणजे केतू. या पातबिंदूंपासून सूर्य १५ अंशांच्या आत असताना अमावास्या आली, तर पृथ्वीवर कुठे ना कुठे सूर्यग्रहण होणारच. १५ ते १८ अंशांच्या पट्ट्यात असेल तर चंद्र-सूर्याच्या त्या दिवशीच्या अंतरांवर ठरतं.

पातबिंदू स्थिर असते, तर ग्रहणं दरवर्षी त्याच दोन महिन्यांत आली असती. पण ते क्रांतिवृत्तावरून उलटे, पश्चिमेकडे सरकतात, वर्षाला १९ अंशांहून थोडे जास्त. त्यामुळे सूर्याला त्याच पाताशी पुन्हा यायला ३६५ नाही, ३४६.६२ दिवस लागतात. याला ग्रहणवर्ष म्हणतात. ग्रहणांचा हंगाम म्हणूनच दरवर्षी सरासरी १८-१९ दिवस आधी येतो.

हे सरकणं तारखांमध्ये कसं दिसतं ते बघा. वर्षातलं पहिलं सूर्यग्रहण: २०२५ मध्ये २९ मार्च, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २६ जानेवारी. आधी ४० दिवसांची उडी, मग ११-११ दिवसांची पावलं. हंगाम एकसारखा सरकतो आहे, पण ग्रहण अमावास्येलाच होऊ शकतं. त्यामुळे बारा चांद्रमासांनी आलं तर ११ दिवस आधी, अकरा चांद्रमासांनी आलं तर ४० दिवस आधी. मधलं काही शक्यच नाही.

आता मुख्य मुद्दा. चंद्राचा "महिना" एक नाही. अमावास्या ते अमावास्या २९.५३०६ दिवस. एका पातापासून निघून त्याच पाताशी परत यायला २७.२१२२ दिवस. आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून (उपभू) निघून पुन्हा उपभूला यायला २७.५५४६ दिवस. पहिला महिना ठरवतो की सूर्य-चंद्र एका दिशेला आहेत का. दुसरा ठरवतो की दोघे एका पातळीत आहेत का. तिसरा ठरवतो की चंद्र किती मोठा दिसणार, म्हणजे ग्रहण खग्रास की कंकणाकृती. हे तीन आकडे एकमेकांना कुठेच सुबक भाग देत नाहीत. तरीही:

२२३ चांद्रमास = ६५८५.३२ दिवस
२४२ पातमास = ६५८५.३६ दिवस
२३९ उपभूमास = ६५८५.५४ दिवस

पहिल्या दोन ओळींत फरक आहे ५२ मिनिटांचा. तिसरी ओळ पाच तासांनी चुकते. अठरा वर्षांच्या मानाने हे काहीच नाही. ६५८५ दिवस आणि ८ तास, म्हणजे १८ वर्षं आणि १० किंवा ११ दिवस: हे सॅरोस चक्र. ज्यांना यात रस आहे त्यांनी मनमोकळं लिहा, प्रश्न विचारा. आकडे सोबत असतील तर आणखी बरं.

वाचनवेडी

लेख फार आवडला. २९ मार्च – १७ फेब्रुवारी हे उदाहरण वाचून लगेच कॅलेंडर काढून बसले.

एक शंका आहे. राहू-केतूंची पूर्ण फेरी १८.६ वर्षांची असं वाचलं आहे. सॅरोस १८ वर्षं ११ दिवसांचं, म्हणजे १८.०३ वर्षांचं. ही एकच गोष्ट आहे का? एक आकडा ठोकळ आणि एक नेमका, असं काही?

दशमान

वाचनवेडी ताई, फार मोलाचा प्रश्न विचारलात. या दोन आकड्यांची गल्लत इतकी सर्रास होते की छापील मजकुरातही "पात १८ वर्षांत फेरी पूर्ण करतात, म्हणून ग्रहणं १८ वर्षांनी परत येतात" असं वाक्य सापडतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅरोसला पातांची पूर्ण फेरी लागत नाही. उलट, ती पूर्ण होत नाही म्हणूनच सॅरोस जुळतं.

एकदा हिशोब करून बघा. आज सूर्य राहूपाशी आहे आणि ग्रहण झालं असं धरा. ६५८५.३२ दिवस पुढे जा. सूर्य रोज सरासरी ०.९८५६५ अंश चालतो, म्हणजे एकूण ६४९०.८ अंश. त्यातून १८ पूर्ण फेऱ्या (६४८० अंश) वजा केल्या की सूर्य मूळ जागेच्या १०.८ अंश पुढे निघतो. राहू रोज ०.०५२९५ अंश उलटा जातो. तेवढ्याच दिवसांत तो ३४८.७ अंश मागे गेला. पूर्ण फेरीला अजून ११.३ अंश बाकी आहेत. पण ३४८.७ अंश मागे म्हणजेच ११.३ अंश पुढे! सूर्य १०.८ वर, राहू ११.३ वर. दोघांत फक्त अर्ध्या अंशाचा फरक.

म्हणजे दोघे परत भेटतात, पण जुन्या जागी नाही. ११ अंश पुढे जाऊन भेटतात. पुढच्या सॅरोसचं ग्रहण १०-११ दिवस उशिराच्या तारखेला का येतं तेही यातच आलं.

आता १८.६ वर्षं थांबा. राहू अगदी जुन्या ताऱ्यांपाशी परत येईल. पण सूर्य? अठरा फेऱ्या पूर्ण करून वर ०.६१ फेरी, म्हणजे जवळपास २२० अंश पुढे गेलेला असेल. राहू जागेवर, सूर्याचा पत्ता नाही. ग्रहणाचा प्रश्नच येत नाही.

वाचनवेडी

वा! "३४८.७ मागे म्हणजे ११.३ पुढे" इथे लख्ख कळलं. वहीत उतरवून घेतलं.

मृगशीर्ष

१८.६ वर्षांचं चक्र ग्रहणांच्या तारखा देत नसलं तरी ते आकाशात दिसतं, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्यावर थोडं लिहितो, कारण माझा सगळा जीव तिथेच आहे.

मघा तारा क्रांतिवृत्ताला अगदी चिकटून आहे, जेमतेम अर्धा अंश उत्तरेला. चंद्र दर महिन्याला एकदा तिच्याजवळून जातो. जाताना तो तिच्या किती वरून किंवा खालून गेला, तेवढंच टिपून ठेवायचं. मूठ समोर धरून मोजलं तरी चालतं; हात लांब करून करंगळी धरली की साधारण एक अंश. एका महिन्याच्या नोंदीतून काही कळणार नाही. पण काही वर्षं चिकाटीने नोंदी ठेवल्या की एक संथ झोका दिसायला लागतो. चंद्र दरवेळी मघेच्या थोडा अधिक दक्षिणेने जातो, पाच-साडेपाच अंशांवर थबकतो, मग परत जवळ यायला लागतो, एक दिवस तिला झाकतो आणि उत्तरेकडे निघतो. पूर्ण झोका १८.६ वर्षांचा. मघेची पिधानं (चंद्राने तिला झाकणं) २००७ च्या सुमारास झाली, मग २०१७ च्या सुमारास आणि आता २०२५-२६ मध्ये. म्हणजे दर अर्ध्या झोक्याला एक मालिका, कारण दोन्ही पात आळीपाळीने मघेपाशी येतात.

रोहिणीचं तसं नाही. ती क्रांतिवृत्तापासून साडेपाच अंश दक्षिणेला आहे, चंद्राच्या आवाक्याच्या अगदी कडेवर. म्हणून तिची मालिका पूर्ण झोक्यात एकदाच येते. मागची २०१५ ते २०१८ या काळात झाली. त्यात चंद्र दर महिन्याला पृथ्वीवर कुठून तरी बघितलं असता रोहिणीला झाकत होता. मग एकदम थांबला. ज्यांनी त्या काळात ते पाहिलं त्यांना "कक्षा फिरते" हे कुणी सांगावं लागत नाही.

याच चक्रामुळे २०२४-२५ मध्ये चंद्र आकाशातल्या विषुववृत्तापासून साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत उत्तर-दक्षिण जात होता. २०१५ मध्ये तोच साडेअठराच्या पलीकडे जात नव्हता. पौर्णिमेचा चंद्र कुठून उगवतो याकडे ज्यांचं लक्ष असतं त्यांना हा फरक नक्की जाणवला असेल.

निशाचर

मृगशीर्ष, मघेचा प्रयोग आजपासून सुरू करतो.

मला एक विचारायचं होतं. सॅरोसमध्ये ग्रहण "जसंच्या तसं" परत येतं म्हणतात. मग ते त्याच ठिकाणी का दिसत नाही?

ध्रुवमत्स्य

त्या ८ तासांमुळे. ६५८५ दिवस पूर्ण झाल्यावर वर ८ तास उरतात आणि तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते. सावली तीच, पण तिच्याखाली आलेला भूभाग वेगळा. प्रत्येक वेळी पट्टा सुमारे १२० अंश पश्चिमेला सरकतो. तीन सॅरोस झाले की ८ × ३ = २४ तास पूर्ण होतात आणि ग्रहण पुन्हा त्याच बाजूला येतं, ५४ वर्षं आणि महिन्याभराने.

एकेका सॅरोसच्या अंतराने येणाऱ्या ग्रहणांच्या साखळीला मालिका म्हणतात आणि प्रत्येक मालिकेला क्रमांक असतो. सॅरोस १३६ घ्या, माझी सगळ्यांत आवडती मालिका. २९ मे १९१९ चं ग्रहण ब्राझील आणि आफ्रिकेतून दिसलं. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तपासलं ते हेच. सूर्य तेव्हा रोहिणीजवळच्या तारकागुच्छासमोर होता, म्हणून मोजायला भरपूर तारे मिळाले. त्यानंतर ८ जून १९३७, पॅसिफिक. २० जून १९५५, श्रीलंका ते फिलिपिन्स. ३० जून १९७३, पुन्हा आफ्रिका. ११ जुलै १९९१, हवाई आणि मेक्सिको. २२ जुलै २००९, पुन्हा आशिया. २ ऑगस्ट २०२७, पुन्हा आफ्रिका, या वेळी तिचा उत्तर भाग.

१९१९, १९७३, २०२७ आफ्रिकेकडे. १९५५, २००९ आशियाकडे. १९३७, १९९१ पॅसिफिक-अमेरिकेकडे, आणि १२ ऑगस्ट २०४५ लाही अमेरिकाच. तीन पदरी वेणी असल्यासारखी ही मालिका विणत जाते.

आणखी एक. १९७३ मध्ये कॉनकॉर्ड विमान सावलीबरोबर आफ्रिकेवरून उडत गेलं आणि आतल्या शास्त्रज्ञांना ७४ मिनिटं खग्रास स्थिती मिळाली. जमिनीवर उभं राहणाऱ्याला ती सात मिनिटांच्या वर थोडी मिळाली होती. हा प्रसंग मी कितीदाही सांगायला तयार असतो.

शुक्रोदय

पण मग सॅरोस कायमचं चालू राहतं का? अर्धा अंश फरक म्हणालात तो साठत जाणार ना?

दशमान

साठतोच, आणि त्यातूनच मालिकेचं आयुष्य निघतं. दर सॅरोसला सूर्य पाताच्या संदर्भात ०.४८ अंश पश्चिमेला सरकतो. ग्रहण होण्याची एकूण खिडकी पाताच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ३५ अंश. ३५ ला ०.४८ ने भागा: ७२-७३ ग्रहणं. त्याला १८.०३ वर्षांनी गुणा: सुमारे १३०० वर्षं. प्रत्यक्षातल्या मालिका बाराशे ते साडेपंधराशे वर्षांच्या असतात आणि त्यात साधारण ७० ते ८५ ग्रहणं येतात. कागद-पेन्सिलीचा हिशोब किती जवळ पोहोचला बघा.

मालिका सुरू होते ती एका ध्रुवाजवळच्या क्षुल्लक खंडग्रास ग्रहणाने. चंद्राची उपच्छाया (विरळ सावली) पृथ्वीच्या कडेला जेमतेम स्पर्श करते. पुढची शे-दीडशे वर्षं खंडग्रासच. मग गडद छाया पृथ्वीवर येते, पट्टा प्रत्येक वेळी थोडा थोडा सरकत विषुववृत्त ओलांडतो, दुसऱ्या ध्रुवाकडे जातो आणि मालिका पुन्हा खंडग्रासात विरून जाते. सॅरोस १३६ ची सुरुवात १३६० साली दक्षिण ध्रुवाकडून झाली. शेवट २६२२ मध्ये उत्तरेला होईल. एकूण ७१ ग्रहणं. वर ध्रुवमत्स्य यांनी दिलेल्या यादीत १९१९ ते २०४५ पट्टा उत्तरेकडे कसा चढत जातो तेही बघा. ही मालिका केतूपाशी चालते. राहूपाशी चालणाऱ्या मालिका उलट, उत्तरेकडून दक्षिणेला उतरतात. सॅरोस १४५ तशी आहे, १६३९ मध्ये उत्तरेला सुरू झालेली.

एका वेळी अशा चाळीसच्या आसपास मालिका सुरू असतात. कुठलीही मालिका अमर नाही आणि कुठलीही अचानक संपत नाही.

पडछाया

उपभूमासाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या मते सॅरोसचं खरं नवल तिथे आहे.

पहिले दोन महिने जुळवून ग्रहणं परत आणणारी चक्रं बरीच आहेत. १३५ चांद्रमासांचं आहे (११ वर्षांना एक महिना कमी), ३५८ चांद्रमासांचं आहे (२९ वर्षांना २० दिवस कमी). डच अभ्यासक जॉर्ज व्हॅन डेन बर्ग यांनी १९५५ मध्ये सॅरोस आणि हे २९ वर्षांचं चक्र, दोन्ही उभं-आडवं मांडून सगळ्या सूर्यग्रहणांचा एकच मोठा तक्ता केला होता. त्यात कुठलंही ग्रहण शोधता येतं. ११ ऑगस्ट १९९९ मध्ये २९ वर्षं मिळवा, २० दिवस वजा करा: २२ जुलै २०२८, ऑस्ट्रेलियातलं खग्रास. मालिका क्रमांक १४५ वरून १४६ वर गेला.

पण या चक्रांत चंद्राचं अंतर जुळत नाही, किंवा जुळलं तरी ग्रहण दुसऱ्या पातावर जातं. सॅरोसमध्ये तिन्ही जुळतात, वर वर्षाचा काळही १०-११ दिवसांच्या फरकाने तोच राहतो, म्हणजे सूर्याचं अंतरही जवळपास तेच. म्हणून कालावधी इतके सारखे येतात. १९५५ ला ७ मिनिटं ८ सेकंद, १९७३ ला ७:०४, १९९१ ला ६:५३, २००९ ला ६:३९, २०२७ ला ६:२३. हळूहळू उतार आहे, कारण तारीख जुलैच्या सुरुवातीपासून (तेव्हा पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि सूर्य लहान दिसतो) पुढे सरकते आहे, आणि ते पाच तास चंद्रालाही उपभूच्या संदर्भात सरकवतात. पण उडी कुठेच नाही.

चंद्रग्रहणांतही हेच. २७ जुलै २०१८ चं खग्रास चंद्रग्रहण या शतकातलं सर्वांत लांब, १ तास ४३ मिनिटं. चंद्र अपभूला (पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूला) होता: लहान दिसणारा आणि हळू चालणारा, आणि सावलीच्या मध्याजवळून गेला. त्याचा आधीचा भाऊ १६ जुलै २००० चा, तोही तसाच लांबलचक. पुढचा ७ ऑगस्ट २०३६.

निशाचर

१९ वर्षांचंही एक चक्र आहे ना? मला आठवतं, २२ जुलैला वारंवार ग्रहण येतं.

पडछाया

हो. १९ सौरवर्षं जवळजवळ २३५ चांद्रमासांइतकी असतात, त्यामुळे तीच तिथी त्याच तारखेला येते. २२ जुलै १९९०, २२ जुलै २००९, २२ जुलै २०२८, तिन्ही खग्रास सूर्यग्रहणं. ऐकायला फार गोड वाटतं. पण ही सख्खी भावंडं नाहीत. सॅरोस १२६, १३६, १४६, तिन्ही वेगळ्या मालिका. १९९० चं अडीच मिनिटांचं होतं, २००९ चं साडेसहा मिनिटांहून मोठं, २०२८ चं पाच मिनिटांच्या आसपास. इथे चंद्राचं अंतर जुळत नाही आणि पातापासूनचा फरक दरवेळी सात-साडेसात अंशांनी बदलतो, म्हणून चार-पाच वेळांत संपतं. ११ ऑगस्ट १९९९ ला खग्रास होतं, ११ ऑगस्ट २०१८ ला नुसतं खंडग्रास. तारीख जुळली म्हणून ग्रहण जुळलं असं होत नाही.

शुक्रोदय

घरात नेहमी ऐकू येतं, पंधरा दिवसांत दोन ग्रहणं आली म्हणजे काहीतरी वेगळं घडतंय. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण आणि २१ सप्टेंबरला सूर्यग्रहण आलं तेव्हाही ऐकलं. याचं गणिती उत्तर काय द्यावं?

ध्रुवमत्स्य

शुक्रोदय, उत्तर धाग्यातच आहे. सूर्य पाताजवळच्या पट्ट्यात ३१ ते ३७ दिवस असतो. चांद्रमास २९.५ दिवसांचा. म्हणजे प्रत्येक हंगामात किमान एक अमावास्या सापडणारच, आणि तिच्या आगेमागे पंधरवड्यावर पौर्णिमा असतेच. दोन ग्रहणांची जोडी हा नियम आहे, वर्षातून दोनदा घडणारा. पट्टा ऐन मोक्यावर सापडला तर तीन: २०२७ मध्ये १८ जुलै, २ ऑगस्ट आणि १७ ऑगस्ट. त्यातली दोन चंद्रग्रहणं छायाकल्प, म्हणजे चंद्र फक्त विरळ सावलीतून जाणार. त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जोडी "क्वचित" आहे असा समज होतो.

गडद सावलीतल्या चंद्रग्रहणाची खिडकी लहान असते, तेवीस-चोवीस दिवसांच्या आतच. म्हणून ती पूर्ण चुकूही शकते. २०२७ या अख्ख्या वर्षात असं एकही चंद्रग्रहण नाही. सूर्यग्रहणं मात्र वर्षात दोन असतातच. जास्तीत जास्त पाच. १९३५ मध्ये पाच झाली: ५ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३० जून, ३० जुलै, २५ डिसेंबर. दोन चंद्रग्रहणं धरून एकूण सात. पाच सूर्यग्रहणांचं पुढचं वर्ष २२०६. १९८२ मध्येही सात झाली, पण चार सूर्याची आणि तीन चंद्राची.

निशाचर

माझा एक प्रामाणिक आक्षेप. आज संगणक चंद्राची जागा हजारो वर्षं पुढे-मागे काढून देतो. मग सॅरोस हे फक्त इतिहासाचं कौतुक राहिलं का?

दशमान

भाकीत करायला आज सॅरोस वापरत नाहीत, हे खरं. १८८७ मध्ये ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञ ओपोल्झर यांच्या ग्रंथात ८००० सूर्यग्रहणं आणि ५२०० चंद्रग्रहणं थेट गणिताने काढलेली आहेत. पण समजून घेण्यासाठी सॅरोसला पर्याय नाही. सुट्या तारखांच्या यादीत नातं दिसत नाही, मालिकेत दिसतं.

आणि बॅबिलोनच्या लोकांनी ते शोधलं तेव्हा त्यांच्याकडे कक्षेचं गणित नव्हतं, फक्त पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी होत्या. विशेषतः चंद्रग्रहणांच्या, कारण ती अर्ध्या पृथ्वीवरून दिसतात. १९०१ मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून जे ग्रीक दंतचक्रांचं यंत्र वर आलं, त्याच्या मागच्या बाजूला २२३ घरांची सर्पिल तबकडी आहे: सॅरोसचे २२३ महिने. तिच्या आत आणखी एक छोटी तबकडी आहे, तीन भागांची. त्यातल्या दोन भागांवर ८ आणि १६ हे आकडे, म्हणजे ग्रहणाच्या वेळेत किती तास मिळवायचे ते. निशाचर, तुमच्या "त्याच ठिकाणी का नाही" या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी काशात कोरून ठेवलं होतं. मला हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

संगणकालाही एक गोष्ट जुन्या नोंदींकडूनच घ्यावी लागते: पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. मुख्यतः भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला साधारण पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. इ. स. पू. १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, मातीच्या पाटीवर नोंद आहे. दिवस आजच्याइतकाच कायम धरून उलटा हिशोब केला, तर त्या ग्रहणाचा पट्टा बॅबिलोनच्या जवळपास ४९ अंश पश्चिमेला पडतो. म्हणजे पृथ्वीच्या घड्याळात सव्वातीन तासांचा फरक साठला आहे. तो मोजायला ती पाटीच लागली.

मृगशीर्ष

पात उलटे आणि उपभू सुलटा का सरकतो, हे राहिलं. थोडक्यात: दोन्हीमागे सूर्याचं आकर्षण आहे. सूर्य चंद्राची तिरपी कक्षा क्रांतिवृत्ताच्या पातळीत ओढायला बघतो. कक्षा आडवी होत नाही, पण तिचा कल फिरत राहतो आणि पात मागे सरकतात. उपभूबिंदू मात्र ८.८५ वर्षांत पुढच्या दिशेने फेरी मारतो. न्यूटनच्या हिशोबात ही गती निम्मीच येत होती. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागतो की काय, इथपर्यंत चर्चा गेली होती. १७४९ मध्ये फ्रेंच गणिती क्लेरो यांनी हिशोब आणखी पुढच्या पायरीपर्यंत नेला आणि उरलेला निम्मा भाग मिळाला. नियमाला धक्का लागला नाही.

वाचनवेडी

शेवटचं विचारते. मी ११ ऑगस्ट १९९९ चं ग्रहण पाहिलं आहे. त्याचे पुढचे भाऊ मला स्वतःला काढायचे आहेत. १० दिवस मिळवायचे की ११, हे कसं ठरवायचं?

दशमान

मधल्या अठरा वर्षांत २९ फेब्रुवारी किती वेळा आला ते मोजायचं. पाच वेळा आला तर १० दिवस, चार वेळा आला तर ११, आणि वर ८ तास. १९९९ नंतर २०००, ०४, ०८, १२, १६ असे पाच, म्हणून २१ ऑगस्ट २०१७, जे अमेरिकेतून दिसलं. त्यापुढे २०२०, २४, २८, ३२ असे चारच. २१ ऑगस्टमध्ये ११ दिवस मिळवले की १ सप्टेंबर. पण २०१७ चं ग्रहण जागतिक वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराचं होतं, त्यात ८ तास मिळवल्यावर मध्यरात्र उलटते. म्हणून २ सप्टेंबर २०३५. चीन, कोरिया आणि जपानमधून दिसेल. त्यापुढचं तुम्ही काढा आणि इथे लिहा, मी ताडून बघतो.

वाचनवेडी

२०३६, ४०, ४४, ४८, ५२ – पाच. म्हणून १० दिवस. १२ सप्टेंबर २०५३. आणि तीन सॅरोस पूर्ण होतात, म्हणजे पट्टा पुन्हा १९९९ च्या रेखांशांकडे, पण मालिका राहूची असल्यामुळे त्याच्या दक्षिणेला?

दशमान

तंतोतंत. १९९९ ला पट्टा युरोपच्या मधून गेला होता, २०५३ ला तो उत्तर आफ्रिकेतून जाईल.